फणसाडच्या अलीकडे

नूतन : नळाला लाल रंग दिलाय काका, लाल! लांबून दिसावा म्हणून मुद्दाम ऑइलपेंट मारून घेतला. आणि तुम्ही सरळ गाडी घातलीत त्याच्यावर.

पोपट : आधी पाणी बंद कर. मेन कॉक कुठं हाय?

नूतन : केला बंद. टाकीखाली हाय. आता पाइपात उरलंय तेवढं वाहणार.

पोपट : मंग झालं तर. नळ मोडला, माणूस तर नाय मोडला. मी देतो बसवून. डेपोत इंजिनं खोलल्यात मी, नळाचं काय घेऊन बसलीस?

नूतन : तो प्रश्न नाय. दिसला कसा नाय तुम्हाला?

पोपट : नळ असा मधी लावतात काय कुणी?

नूतन : मधी? डाव्या कडेला हाय तो. खाली फरशी घातलीय बघा, फरशीवर गाडी घ्यायची, नळ डाव्या अंगाला राहतो. वायरचा बोर्ड पण तिकडंच. पुण्याच्या गाड्या येतात, नाशिकच्या येतात. मागच्या आठवड्यात एक बाई एकटी आली, तुमच्यापेक्षा लांब गाडी, तिनं रिव्हर्सला लावली. नळाला धक्का नाय.

मैना : काय झालं गो? आतला पोह्यांचा डबा पालथा झाला सगळा.

नूतन : काकी, उतरू नका, चिखल झालाय खाली.

मैना : चिखलाला मी भितंय? जन्म गेला माझा खाजणात, खाडीच्या चिखलात. बघू. अगो बाय! अवो, हे काय केलंत?

पोपट : काय नाय केलं. नवीन जागा हाय, अंदाज चुकला.

मैना : तुमचा अंदाज चुकला? ही बघ गो... नाव काय तुझं?

नूतन : नूतन.

मैना : हां, नूतन. हा माणूस एसटीचा डायव्हर होता, बरं का. पेण डेपोत. रिटायर झाला तवा साहेबानं शाल घातली, नारळ दिला, म्हणाला पोपटरावांच्या हातून गाडीला कधी ओरखडा नाय गेला. आणि आज बघ. तुझ्या नळाचा मुडदा पाडला.

पोपट : झाली तुझी आरती ओवाळून?

मैना : झाली. आता सरका, मी पोहे गोळा करते.

नूतन : राहू दे काकी, मग झाडून बाहेर टाकू, चिमण्या खातील. तुम्ही बसा, चहा टाकते मी. गाडी मात्र झकास केलीय हां. घरीच बनवली?

मैना : शाळेची गाडी होती जुनी. ह्यांनी घेतली, पेणच्या बॉडीवाल्याकडनं सीटा काढून घेतल्या. हा पलंग, ही शेगडी, हे कपाट. मोरी पण केलीय बघ, एवढीशी. अख्खा पावसाळा त्याच्यात गेला. सून म्हणते, आई, म्हातारपणी हा काय नाद लागला तुम्हाला? म्हटलं, नाद नाय, घर हाय. फक्त जागेवर थांबत नाय.

नूतन : मग आज कुठून निघालात? लांबून आला असाल.

मैना : लांबून? वडखळच्या पलीकडं आमचं गाव, खाडीला लागून. सकाळी निघालो. गडब, नागोठणं, आणि इथं. संपला प्रवास! आमच्या गावची माणसं लग्नाच्या बस्त्याला याच्याहून लांब जातात.

पोपट : पयल्या दिवशी एवढंच चालवायचं असतं. नायतर इंजिन बसतं.

मैना : इंजिन बसतं का तुम्ही बसता? नागोठणं सोडलं आणि ह्यांचं सुरू झालं. गाडी गरम होते. ब्रेक दाबून धरतो. कुठंतरी थांबू. तुझी ती पाटी दिसली, ‘कॅरॅव्हॅन थांबा, पाणी-वीज-शौचालय’, तर ह्यांना देव भेटल्यासारखं झालं.

नूतन : काकी, हा घ्या चहा, काकांना पण द्या. पाटी चांगलीच हाय माझी. फणसाडला जाणाऱ्यांना उभं राहायला दुसरी जागाच नाय या बाजूला. सासऱ्यांचा वालाचा तुकडा होता हा, रस्त्याला लागून. मी म्हटलं, अर्ध्यात वाल राहू दे, अर्ध्यात गाड्या लावू. सगळे हसले. आता शनिवार-रविवार जागा पुरत नाय.

मैना : किती लांब गो इथून ते जंगल?

नूतन : फणसाड? जवळच. सकाळी लवकर निघालात तर उन्हाच्या आत पोचाल. गेटवर नाव लिहायचं, वाटाड्या घ्यायचा, आत चालत फिरायचं. नशीब असलं तर शेकरू दिसतं.

मैना : दिसलं तर दिसलं. मना सावली बघायचीय.

नूतन : सावली?

मैना : तू मिठागर बघितलंस कधी? झाड नसतं तिथं. एक नसतं. बांध, पाणी, मीठ आणि वर ऊन. खालचं ऊन परत वर येतं, मिठावरनं. मी लग्नाच्या आधीपासून त्याच्यात. पायाला भेगा, डोळ्यांना पाणी. मुकादम म्हणायचा, जंगलात अशी जागा असते, भर दुपारी ऊन जमिनीला शिवत नाय. मला खोटंच वाटायचं. म्हटलं, एकदा बघेन.

नूतन : फणसाडात हाय तशी जागा. पाणवठ्याकडं जाताना. दुपारी पण गार लागतं.

मैना : बघा, ऐकलंत? उद्या उजाडलं की निघायचं. मग मुरूड. मग जंजिऱ्याच्या पलीकडं जायला ती तरीची बोट असते म्हणे, गाडीसकट घेते. मग श्रीवर्धन. मग पुढं. रस्ता हाय तोवर जायचं.

पोपट : उद्या बघू. चहा कुठं हाय?

मैना : उद्या बघू काय? ठरलंय ते.

पोपट : मैना, ऐक. गाडीचं काम काय मला बरोबर वाटत नाय. स्टिअरिंग ओढतंय. उद्या आपण मागं फिरू, पेणला दाखवू, मग पुढच्या महिन्यात...

मैना : मागं?

पोपट : थोडे दिवस गो.

मैना : मागं फिरायचं म्हणता? अवो, आपण घरापासनं हाकेवर आलोय. हाक मारली तर सून ओ देईल. आणि मागं?

पोपट : गाडी बिघडली तर जंगलात कोण येणार?

मैना : बिघडू दे. ढकलीन मी. मिठाच्या पाट्या वाह्यल्यात ह्या डोक्यावर, एक गाडी ढकलायची काय मोठीशी! मी सांगतंय तुम्हाला, मी मागं येणार नाय. मिठागर बंद झालं तेव्हापासनं माझे पाय घरात ठरत नाहीत. दिवसभर ह्या दारातनं त्या दारात. सून म्हणते, आई बसा. बसले की पिंडऱ्या सळसळतात. आता कुठं सकाळपासनं जरा गप्प झालेत पाय, तर तुम्ही मागं फिरा म्हणता.

पोपट : बरं. बघू म्हटलं ना.

मैना : नूतन, पाणी कुठं मिळेल गो? पोह्यांनी पलंगाची चादर पण भरलीय, धुऊन टाकते.

नूतन : मागं विहीर हाय, पंप चालू हाय. न्हाणीच्या बाजूला दोरी पण बांधलीय.

मैना : येते धुऊन. तोवर ह्यांच्याकडनं नळ लावून घे. सोडू नको.

नूतन : ...काका, चला. सासऱ्यांची पेटी आणलीय, पाना हाय, सोल्युशन हाय, नळ पण हाय एक जुना.

पोपट : दे इकडं. हं. पाइप कापावा लागेल थोडा. करवत?

नूतन : घ्या.

पोपट : कुठं?

नूतन : घ्या ना, काका. कधीची धरलीय.

पोपट : अगो, दे म्हटलं तर देत नायस.

नूतन : काका. तुमच्या गालाजवळ धरलीय मी. डाव्या बाजूला.

पोपट : ...हां. हां, इथं हाय होय. मी इकडं बघत होतो.

नूतन : मघाशी चहाचा कप पण असाच. काकींनी तुमच्या डावीकडं ठेवला, तुम्ही विचारलंत चहा कुठं हाय.

पोपट : म्हातारा माणूस. ध्यान नसतं.

नूतन : ध्यान नसतं का दिसत नाय?

पोपट : समोर धर, सुईत दोरा ओवून दाखवतो.

नूतन : समोरचं नाय विचारलं मी. हा हात दिसतो? आता? आता?

पोपट : पोरी, काम करू दे.

नूतन : दिसत नाय. अगदी गालापुढं आणला तरी दिसत नाय तुम्हाला. देवा! आणि तुम्ही वडखळपासून हायवेनं गाडी घेऊन आलात?

पोपट : हळू बोल. ती विहिरीवर हाय, तिचे कान लांब हायत.

नूतन : काय झालंय डोळ्यांना?

पोपट : काचबिंदू.

नूतन : मोतीबिंदू म्हणायचंय का? त्याचं ऑपरेशन होतं, माझ्या आईचं झालं.

पोपट : मोतीबिंदू असता तर सोन्याहून पिवळं. काचबिंदू. अलिबागच्या डॉक्टरनं सांगितलं, गेलेली नजर परत येत नाय. कडेकडेनं खात येतो. डाव्या डोळ्याची बाहेरची बाजू गेली सगळी. उजव्याला पण सुरू झालंय म्हणतो. थेंब दिलेत, रोज घालायचे. राह्यलेलं तेवढं टिकतं त्यानं.

नूतन : आणि गाडी?

पोपट : गाडी चालवू नका म्हणाला.

नूतन : कधी म्हणाला?

पोपट : गणपतीच्या आधी. तेव्हा गाडी बॉडीवाल्याकडं होती. पलंग बसवत होता तो. ही रोज जाऊन उभी राहायची तिथं. कपाट डावीकडं लाव, खिडकीला पडदा लाव. लहान पोर जसं जत्रेची वाट बघतं ना, तशी. मी काय सांगणार होतो तिला?

नूतन : म्हणून सांगितलंच नाय? घरात कुणालाच?

पोपट : थेंब पण लपवून घालतो. घालतो म्हणजे... दिवसा जमत नाय, ती सारखी आजूबाजूला. रात्री विसरतो.

नूतन : म्हणजे घालतच नाय.

पोपट : गाडी हेच माझं सगळं होतं गो. गावात मला पोपट डायव्हर म्हणतात. नुसता पोपट म्हटलं तर कुणाला कळायचं पण नाय कोण तो. म्हटलं, एक फेरी. हिला जंगल दाखवतो, समुद्राच्या कडेनं थोडं खाली नेतो, मग चावी ठेवून देतो. रस्ते माझे पाठ हायत. कुठं खड्डा, कुठं वळण, झोपेत सांगेन.

नूतन : रस्ता पाठ असेल. रस्त्यावरची माणसं पाठ असतात का?

पोपट : आज सकाळी. नागोठण्याच्या वळणाला. एक पोरगा डाव्या बाजूनं येत होता बाईकवर. मला दिसलाच नाय. मी गाडी डावीकडं ओढली. तो हॉर्न मारतोय, मारतोय, मला वाटतंय लांबून येतोय आवाज. मग एकदम आरशात बघितलं तर तो खाली मातीत गेलेला, एक पाय टेकलेला, गाडी आडवी.

नूतन : लागलं त्याला?

पोपट : नाय. उठला. उभा राह्यला. पण चाकाखाली यायला किती अंतर होतं सांगू? नको, नाय सांगत. म्हणून तिला मागं फिरू म्हटलं.

नूतन : काका, माझा नवरा डोलवीला कंपनीत हाय. शिफ्टला बाईकवरनं जातो. नागोठणं, गडब, तोच रस्ता. रात्रपाळी असली की सकाळी त्याच वेळेला परत येतो. तो पोरगा माझा अक्षय पण असता.

पोपट : असं बोलू नको गो.

नूतन : मी बोलणारच. चावी द्या.

पोपट : काय?

नूतन : गाडीची चावी द्या माझ्याकडं. ह्या फाटकातनं ही गाडी तुम्ही चालवत बाहेर नाय काढायची. मागं पण नाय आणि पुढं पण नाय.

पोपट : माझ्या गाडीची चावी तू मागतेस?

नूतन : मागते. आणि काकींना तुम्ही सांगायचं. आज. आत्ता. नायतर मी सांगेन, आणि माझ्या तोंडून ऐकलं तर त्यांना जास्त लागेल.

पोपट : सांगू काय तिला? मागं चल म्हटलं तर कशी बघत होती, बघितलंस? तिला मी एवढ्या वर्षांत काय दिलं? महाबळेश्वरची ड्युटी केली, कोल्हापूरची केली, दुसऱ्यांच्या बायकांना देवदर्शन घडवलं. ही बांधावर. एक फेरी मागितली तिनं. एक.

मैना : काय घुसफुस चाललीय? लागला का नळ?

नूतन : लागतोय, काकी.

मैना : चादर वाळत घातली. अवो, मी काय म्हणतंय, अजून ऊन हाय. आत्ताच जाऊन येऊ का त्या जंगलाच्या तोंडापर्यंत? आत नाय जायचं. नुसतं बाहेरनं बघायचं. मना आता बसवत नाय.

पोपट : मैना, इथं बस.

मैना : बसवत नाय म्हटलं ना.

पोपट : बस गो. ह्या दगडावर बस. नाय, इकडं. समोर.

मैना : बसले. आता बोला. चेहरा असा का केलाय? पोराचा फोन आला का काय?

पोपट : मला दिसत नाय.

मैना : काय दिसत नाय?

पोपट : डावीकडचं. काय दिसत नाय. तू डाव्या बाजूला येऊन उभी राह्यलीस तर तू नसतेस. काळं पण नसतं, नुसतं नसतं. काचबिंदू हाय. डॉक्टरनं गाडी बंद सांगितलीय.

मैना : कधी?

पोपट : झाले काही महिने.

मैना : म्हणजे ही गाडी... तुम्ही मला बाजूला बसवून...

पोपट : व्हय.

मैना : आणि सकाळचा तो पोरगा?

पोपट : त्याची चूक नव्हती. माझी होती.

मैना : मी त्याला शिव्या घातल्या.

पोपट : तुला ठाऊक नव्हतं.

मैना : मी खिडकीतनं डोकं बाहेर काढलं आणि त्याला म्हटलं, मरायचंय तर मर, आमच्या गाडीखाली कशाला येतोस! असं म्हटलं मी. नूतन, मी म्हटलं असं. तो मातीत एका पायावर उभा होता, माझ्याकडं बघत होता. उलटा शब्द नाय बोलला. मी त्याला मर म्हटलं आणि तुम्ही बाजूला बसून ऐकलंत.

पोपट : माझी जीभ उचलली नाय.

मैना : माझी उचलली ना पण! माझी कशी लगेच उचलली!

नूतन : काकी, पाणी घ्या.

मैना : नको. कुठं असेल तो आता? हेल्मेट निळं होतं. पाठीला डब्याची पिशवी होती. कंपनीला जात असेल. त्याच्या आईनं डबा भरला असेल, आणि मी... नूतन, तुझ्याकडचं कुणी जातं का त्या वाटेनं? त्याला विचार. विचार, कोण होता.

नूतन : हजारो माणसं जातात काकी त्या वाटेनं. माझा नवरा पण जातो, विचारते त्याला. पण सापडायचा नाय तो.

मैना : सापडायचा नाय. व्हय. असंच असतं.

पोपट : मैना, मला बोल. त्याच्यावर जीव काढू नको, मला बोल काय ते.

मैना : तुम्हाला काय बोलू? तुम्हाला दिसत नाय हे मना सांगायला नको होतं? रोज एका ताटाशेजारी ताट आपलं. मला वाटत होतं मी डावीकडनं बोलते आणि हा माणूस वळत नाय, म्हणजे कंटाळला मला. सुनेला पण बोलले मी. म्हटलं, रिटायर झाल्यापासनं ह्यांना माझं तोंड नको झालंय.

पोपट : असं वाटलं तुला?

मैना : मग काय वाटणार?

पोपट : मला वाटलं, सांगितलं तर तुझं जायचं राहील. गाडी म्हणजे मीच ना. मी नाय तर कोण नेणार तुला?

मैना : मी कधी म्हटलं, तुम्हीच न्या?

पोपट : अगो, तूच तर...

मैना : मी म्हटलं, मना जायचंय. एवढंच म्हटलं मी. गाडी घ्या, पलंग लावा, मोरी काढा, हे तुम्ही म्हणालात. मी आपली खूश झाले. तुम्हाला काहीतरी करावंसं वाटतंय म्हणून खूश झाले. पण मी कधी म्हटलं का, ह्या डब्यातनंच जायचं? वडखळच्या नाक्यावर उभी राहून मी आयुष्यभर एसट्या बघितल्या. अलिबाग, मुरूड, महाड, पाट्या वाचायला शिकले त्या गाड्यांवरनं. हात केला असता तर कुठलीपण थांबली असती. तुमचीपण.

पोपट : मग का नाय केलास?

मैना : कारण मला वाटायचं, एक दिवस तुम्ही म्हणाल.

नूतन : ...काका, मी जरा वालाला पाणी सोडून येते.

पोपट : थांब नूतन. ही घे चावी.

नूतन : नक्की?

पोपट : घे म्हटलं तर घे. परत मागितली तर देऊ नको. आणि ती डाव्या खणात थेंबाची बाटली हाय, टूलबॉक्सच्या मागं, फडक्यात गुंडाळलेली. तेवढी आण. मला चटकन सापडायची नाय.

मैना : मी आणते. सरा. फडक्यात गुंडाळतात काय औषध? किती घालायचे?

पोपट : एक एक. रोज.

मैना : डोकं मागं करा. अजून मागं. डोळा मिटू नका ओ, लहान पोरासारखे! उघडा. असं. दुसरा. हां. आता मिटा, आणि गप्प बसा थोडा वेळ. बोलू नका काही. मना पण काही बोलू नको म्हणावं कुणी, नायतर मी आणखी काहीतरी वाईट बोलेन.

नूतन : आज संध्याकाळी पोपटी लावते मी, मडकं भरून जाळात. वालाच्या शेंगा हायतच, अंडी हायत. भांबुर्डीचा पाला बांधावर लागेल तेवढा. अक्षय येईल तोपर्यंत.

मैना : लाव. मी पाला काढते. हाताला काही काम हवं मला.

(दुसऱ्या दिवशी सकाळ. नूतनच्या फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला तिघं उभी.)

पोपट : अजून आली नाय. वेळेला यायला पाहिजे होती.

नूतन : येईल हो. येते थोडी मागंपुढं.

पोपट : मागंपुढं काय? आमच्या वेळेला डेपो मॅनेजरनं कान पिळले असते. आणि ही पिशवी एवढी का भरलीस गो? काय काय हाय त्याच्यात?

मैना : तुमची कानटोपी, माझी चादर, रात्रीच्या उरलेल्या शेंगा, थेंबाची बाटली. आणि पाणी. जड हाय तर मी घेतंय.

पोपट : नको, असू दे. उभं राहून पाय आखडले. डायव्हरला उभं राहायची सवय नसते.

मैना : पॅसेंजरला असते. शिका.

नूतन : मुरूडची गाडी हाय, काका. कंडक्टरला सांगा फणसाडच्या फाट्यावर उतरायचं. तिथनं गेटपर्यंत चालायला लागेल. वाटाड्याला मी फोन केलाय, सखा नाव त्याचं. पाणवठ्याकडं न्यायला सांगितलंय.

मैना : आणि पुढं मुरूडला राहायचं झालं तर?

नूतन : त्याच्या ओळखीचं एक घर हाय, खोली देतात. पण संध्याकाळी परत याल ना तुम्ही?

मैना : ठाऊक नाय. नूतन, तुझ्या नवऱ्याला मी रात्री सांगितलंय. निळं हेल्मेट, पाठीला डब्याची पिशवी. कधी गाठ पडली तर त्याला सांगायचं, एक म्हातारी माफी मागत होती म्हणून. तो हसला गो. म्हणाला, काकी, आम्हाला रोज कुणीतरी शिव्या घालतं, आम्ही विसरतो. पण तू त्याला आठवण कर.

नूतन : करते.

पोपट : आणि गाडीचं काय करायचं, ते मुलाला फोन करून सांगतो. येईल तो, घेऊन जाईल.

मैना : घाई नाय. नळाशेजारी राहू दे. कुणी आलं, जागा नसली, तर झोपव त्याच्यात. पलंग चांगला हाय, आम्ही एकच रात्र झोपलोय.

नूतन : आली बघा. ती काय, वळणावर.

पोपट : कुठं? हां, दिसली. समोर हाय म्हणून दिसली. बघ कशी घेतली वळणावर! गिअर पडलाच नाय त्याचा. क्लच जाळणार हा. ह्याला सांगायला...

मैना : काही सांगायचं नाय.

पोपट : केबिनमधी बसतो मी. पास हाय माझ्याकडं, ओळख सांगितली की बसवतात डायव्हरजवळ.

मैना : केबिनमधी कशाला? हात करा आधी, निघून जाईल.

पोपट : मी करू?

मैना : मग कोण?

पोपट : ...थांबली. थांबली गो! थांबवली त्यानं.

नूतन : सावकाश चढा, काका. दांडा धरा. उजव्या हातानं. काकी, तुम्ही?

मैना : मी चढते. पिशवी दे वर. अवो, मधल्या सीटवर बसा, खिडकी सोडा मला. नाय, पुढं नाय! इथं, माझ्याजवळ.

नूतन : काकी, अहो, संध्याकाळी येणार का नाय? आज परत पोपटी हाय, लोक येणारेत, मी तुमचं पण धरू का?

मैना : आम्हाला धरू नको गो. जेवायला वाट बघू नको.